हिवाळ्यात कातडं थंडीने नाही, उबेने नासतं: ट्रॅपलाइनवर नव्याने येणाऱ्यांसाठी

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात स्नॅग नावाची जागा आहे. ३ फेब्रुवारी १९४७ रोजी तिथे पारा उणे ६३ अंशांपर्यंत उतरला होता. असल्या मुलखात काही नासेलच कसं, असं मलाही वाटायचं. दार उघडलं की बाहेर सगळा फ्रीझरच. मग पहिल्याच हिवाळ्यात माझ्या हातून एक लिंक्स, म्हणजे इथलं दाट केसांचं मोठं रानमांजर, नासला, आणि तोही बाहेर उणे ३४ असताना.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. युकॉनमधल्या व्हाइटहॉर्स शहरात गॅरेजात काम करतो आणि हिवाळ्यातल्या सुट्ट्यांत एका म्हाताऱ्या ट्रॅपरच्या, म्हणजे फरसाठी सापळे लावून जनावरं धरणाऱ्याच्या, हाताखाली सहायक म्हणून जातो. त्यांना मी वस्ताद म्हणतो. तालमीत कुस्ती शिकवणाऱ्याला आमच्याकडे असं म्हणतात, हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. आता मी चूक केली की ते स्वतःच "वस्ताद इज नॉट हॅपी" म्हणतात. पुढे जे लिहिलंय त्यातलं चांगलं ते त्यांचं, आणि चुका माझ्या.

आधी परवान्याचं उरकून घेऊ. इथल्या ट्रॅपलाइन म्हणजे सरकारदरबारी नोंदलेले जंगलाचे पट्टे. एकेका पट्ट्याचा हक्कदार ठरलेला असतो, त्याच्या हद्दीत दुसऱ्याने सापळा लावायचा नाही. नुसतं मदतीला जायचं तरी परवाना लागतो. सापळेही मनाला येतील ते चालत नाहीत. जनावराला कमीत कमी यातना व्हाव्यात म्हणून कॅनडा, रशिया आणि युरोपीय संघ यांच्यात १९९७ साली करार झाला, त्यातल्या जातींसाठी तपासून मान्य केलेलेच सापळे वापरावे लागतात. आणि भारतात रानटी जनावर असं धरणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. इथे शिकलेलं गावाकडे मुंगसावर करून बघू नका.

हे वाचून काहींच्या पोटात कालवेल. माझी आई माळकरी आहे, तिच्याही कालवलं. तिला पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण सापळ्यात आलेलं जनावर माझ्या आळसामुळे कुजून फेकावं लागलं, असं तिला सांगायची वेळ येऊ नये एवढं मी बघतो.

नासतं म्हणजे नेमकं काय होतं

ताज्या मेलेल्या जनावराच्या अंगात ऊब असते आणि त्या उबेवर जगातली सगळ्यात चांगली गोधडी पांघरलेली असते. बाहेरची थंडी आत शिरायला तास न् तास लागतात. तेवढ्यात आतड्यातले जिवाणू कामाला लागतात, म्हणून पहिला डाग पोटावर पडतो. आतून बघितलं तर पोटाकडचं कातडं हिरवट दिसतं. मग कातडीचा अगदी वरचा पापुद्रा सुटा होतो आणि त्यात रुजलेले केस त्याच्यासोबत निघून येतात. याला आम्ही 'केस सुटणं' म्हणतो. पोट, जांघा, कान आणि ओठ ही त्याची ठरलेली ठिकाणं.

तपासायची रीत सोपी आहे. पोटाजवळचे चार केस चिमटीत धरून हलकेच ओढा. घट्ट राहिले तर ठीक. सहज हातात आले आणि मुळाशी ओलसर कोंड्यासारखं काही चिकटलेलं दिसलं, तर नासायला सुरुवात झाली. सुटलेले केस परत बसत नाहीत. तेव्हा करायचं एकच: सगळी कामं बाजूला ठेवून ते जनावर आत्ता सोलायचं, खरवडायचं आणि गार वारा लावून सुकवायला घालायचं, म्हणजे डाग आहे तेवढ्यावर थांबेल.

दुसऱ्या प्रकारचं नासणं जास्त फसवं असतं. कातड्याला चरबी राहिली आणि ते शेगडीजवळ सुकवलं, की चरबी वितळून कातड्यात मुरते आणि कातडं आतून जाळते. इथे त्याला 'ग्रीज बर्न' म्हणतात. वरून सगळं झकास दिसतं, केसही घट्ट असतात. कमावणाऱ्याने ते पाण्यात भिजवलं की ओल्या वर्तमानपत्रासारखं फाटतं.

दोन्हींत गुन्हेगार एकच: ऊब. आधी जनावराच्या अंगातली, नंतर आपल्या शेगडीतली. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

सापळ्यापासून केबिनपर्यंत

आमच्या वाटेवर मुख्यतः मार्टेन येतात. मार्टेन म्हणजे लहान मांजराच्या चणीचा, झाडांवर पळणारा, मऊ तपकिरी केसांचा प्राणी, वजन किलोभर. त्याच्यासाठी झाडाला टेकवलेल्या तिरक्या वाशावर सापळा लावतात. सापळा मिटला की जनावर वाशाच्या बाजूला अधांतरी लोंबतं. हे मुद्दाम असतं. जमिनीवर पडलेल्या मार्टेनचे केस उंदीर आणि चिचुंद्र्या कुरतडतात, घरट्यात अंथरायला नेतात. वरून 'ग्रे जे' नावाचे करडे पक्षी टोचतात, कावळे तर डोळ्यांपासून सुरू करतात. वासा उंच असला तर निदान उंदरांचा प्रश्न सुटतो. बाकीच्यांवर उपाय म्हणजे वेळच्या वेळी फेरी. दोन दिवस उशीर झाला की अर्धं काम उंदरांनी केलेलं असतं.

जनावर बर्फाला किंवा सापळ्याच्या लोखंडाला गोठून चिकटलेलं असेल तर ओढू नका. केसांचा पुंजका तिथेच राहतो आणि ती जागा फरच्या लिलावात सगळ्यांना दिसते. खालचा बर्फ काठीने मोकळा करा, जनावर बर्फाच्या ढेकळासकट उचला, बाकीचं केबिनमध्ये आपोआप सुटतं. गोठलेली शेपटी आणि कान कडक उन्हातल्या वाळक्या काटकीसारखे असतात. स्लेजमध्ये फेकलं तर मोडतात. म्हणून प्रत्येक जनावर वेगळ्या कापडी पोत्यात घालायचं.

कोमट जनावर मिळालं तर मात्र उलटी काळजी. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं नाही, दुसऱ्यावर रचायचं नाही, आणि स्नोमोबाइलच्या इंजिनाजवळ तर अजिबात ठेवायचं नाही. सायलेन्सरला टेकलेले केस टोकाशी वळून करपतात, ते कंगव्याने सरळ होत नाहीत. पोतं उघडं ठेवून वारा लागू द्या. बीव्हर, मिंक, पाणमांजर अशी पाण्यातली जनावरं ओली निघतात. ती लगेच कोरड्या भुसभुशीत बर्फात लोळवायची. उणे वीसचा बर्फ टॉवेलसारखं पाणी ओढून घेतो, मग हाताने झटकला की केस कोरडे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला चेष्टा वाटली होती.

गोठलेलं जनावर वितळवणं: इथेच सगळे फसतात

सोलायचं तर आधी वितळायला हवं, आणि नवखा माणूस घाई करतो तो इथेच. माझा लिंक्स असाच गेला.

त्या संध्याकाळी आम्ही केबिनवर उशिरा पोचलो. लिंक्स दगडासारखा. मी तो शेगडीपासून चार हातांवर, छताच्या आढ्याला टांगला आणि रात्रभर लाकडं घालत राहिलो. सकाळी वरून हात लावला तर छान मऊ. सोलायला घेतला, तर पोटाचं कातडं सुरीआधीच सैल होत होतं आणि मांडीच्या आत अजून बर्फ करकरत होता. अंगठा पोटावरून फिरवला आणि तळहाताएवढे केस अंगठ्यालाच चिकटून आले, जुन्या दाढीच्या ब्रशचे येतात तसे. खाली उघडं, निळसर-पांढरं कातडं. वस्तादांनी काही म्हटलं नाही. ते कातडं त्यांनी केबिनच्या भिंतीला खिळ्याने ठोकलं, आणि ते अजून तिथेच आहे.

झालं काय होतं? केबिनमध्ये ऊब सारखी नसते. लाकडांची शेगडी पेटलेली असताना आमच्या छतापाशी ३५ अंश असतात आणि जमिनीवर ठेवलेल्या बादलीतलं पाणी गोठतं. मी लिंक्स छतापाशी टांगला. पोटाचं पातळ कातडं दोन तासांत वितळून रात्रभर भट्टीत राहिलं, जाड मांड्या आतून गोठलेल्याच राहिल्या.

तेव्हा वितळवायचं ते असं. शेगडीपासून सगळ्यात लांबचा कोपरा निवडा आणि थर्मामीटर जनावराच्या उंचीला लावा, खिडकीला नाही. दहाच्या आसपास अंश पुष्कळ झाले. मार्टेन एका रात्रीत सुटतो. लिंक्सला एक-दोन दिवस लागतात, लांडग्याला त्याहून जास्त. मधूनमधून बाजू बदला. कान, पंजे, पोट आधी वितळतात. ते मऊ झाले आणि बाकीचं कडक असेल तर कान-पंजांना बर्फाची पुरचुंडी बांधा, म्हणजे ते थांबतील. मोठ्या जनावराचा वितळलेला भाग तेवढा सोलत जायचा, उरलेला वितळायची वाट बघत बसायचं नाही, असंही चालतं.

आणि एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही. आज वेळ नाही असं वाटत असेल तर आत आणूच नका. बाहेर घट्ट झाकणाच्या लाकडी पेटीत राहू द्या. फक्त जास्त दिवस ठेवायचं असेल तर गोठलेलं जनावर पिशवीत घालून आतली हवा काढा आणि तोंड बांधा, कारण कोरड्या थंडीत कान आणि पंजे सुकून चिवट होतात आणि मग सोलता येत नाहीत. जानेवारीत मध्येच एखादा आठवडा शून्याजवळ येतो. तेव्हा पेटी सावलीत आहे ना, ते बघायला विसरू नका.

सोलणं

बहुतेक जनावरं 'बंद' सोलतात, म्हणजे पोट न चिरता, आपण स्वेटर उलटा काढतो तसं. फक्त बीव्हर उघडा सोलतात, त्याचं पुढे येईल. सुऱ्या दोन ठेवा: एक छोटी टोकदार, एक जरा बोथट. कातडं सुरीने कमी आणि मुठीने जास्त सुटतं, हे आठवडाभरात हातालाच कळतं.

मार्टेन धरून सांगतो.

१. एका मागच्या टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत, मांड्यांच्या आतून, गुदद्वाराच्या खालून एकच सरळ चीर. चीर वाकडी गेली तर पोटाचे केस पाठीच्या बाजूला येतात आणि सुकवायच्या फळीवर कातडं तिरकं बसतं.

२. गुदद्वाराभोवती हलक्या हाताने कापा. दोन्ही बाजूंना वासाच्या गाठी असतात. एक फुटली तर केबिनमध्ये तीन दिवस कळेल.

३. मागचे पाय मोकळे करा, मग शेपटीचं बूड. शेपटीच्या हाडाला दोन काटक्यांचा चिमटा लावून ओढा. हाड सुरीतून म्यान निघावं तसं, किंवा खरं तर म्यानातून सुरी निघावी तसं, सुळकन येतं. हाड राहिलं तर शेपटी नक्की सडते. खोकड, पाणमांजर यांची शेपटी खालच्या बाजूने टोकापर्यंत चिरून उघडी करावी लागते, नाहीतर आत हवा जात नाही.

४. आता कातडं खाली ओढत चला. काखेपाशी बोट घालून पुढचे पाय सोडवा.

५. डोक्यापाशी थांबा, श्वास घ्या. कानाचं कूर्चा कवटीला लागून कापा, डोळ्याभोवतीचा पापुद्रा डोळ्याच्या बाजूने कापा, कातड्याच्या बाजूने नाही. ओठ हाडालगत. नाक कातड्यासोबत राहिलं पाहिजे. डोळ्यांची भोकं मोठी झाली तर ती सुकताना आणखी मोठी होतात.

रक्त लागलं असेल तर गार पाण्याच्या फडक्याने लगेच पुसा. गरम पाण्याने रक्त केसांत पक्कं बसतं. हे कपड्यांचं तंत्र प्रत्येक घरात माहीत असतं, पण सुरी हातात आली की विसरायला होतं.

मोठ्या केसांच्या जनावरात पिसवा असतात. लिंक्स किंवा खोकड आत आणण्याआधी पोत्यात बांधून रात्रभर बाहेर गोठू द्यावा. नाहीतर पिसवा गार जनावर सोडून गरम माणसाकडे येतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

खरवडणं

कातड्याच्या आतल्या बाजूची चरबी आणि मांस काढायचं. आमच्याकडे गुळगुळीत तासलेला, एका टोकाला निमुळता ओंडका कमरेच्या उंचीवर तिरका बसवलाय. त्यावर कातडं टोपीसारखं चढवायचं आणि दोन मुठींच्या सुरीने पुढे ढकलत जायचं. सुरुवात कानांच्या मागून करायची, डोक्याकडून शेपटीकडे.

मार्टेनला यातलं जवळजवळ काही लागत नाही. मानेखांद्यावरची चरबीची पट्टी बोथट सुरीने किंवा चक्क चमच्याने निघते. उत्साहाच्या भरात जास्त खरवडलं तर केसांची मुळं कापली जातात आणि बाहेरून केस गळायला लागतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या जनावरांत हा धोका जास्त. त्यांचं कातडं आतून निळसर असतं, कारण केस अजून वाढत असतात आणि त्यांची रंगीत मुळं कातड्यात खोल असतात. ऐन हंगामातलं कातडं आतून मलईच्या रंगाचं दिसतं. ओंडक्यावर कातडं चढवण्याआधी केसांत अडकलेली काटकी, कुसळं नीट काढा. खाली एक गाठ राहिली की सुरी त्या उंचवट्यावर भोक पाडते.

निघालेलं तेल लाकडाच्या भुशाने पुसायचं. भुसा डिंकाच्या लाकडाचा नको, केस चिकट होतात.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांना खास सांगायची. आपल्याकडे बकरी ईदनंतर कातडी गोळा होतात तेव्हा त्यांवर मिठाचे थर देतात, कारण उन्हाळा-पावसाळ्यात मीठ नसेल तर कातडं एक दिवस टिकत नाही. मलाही वाटलं, मीठ चोळलं की निर्धास्त. वस्तादांनी माझ्या हातातला मिठाचा पुडा काढून घेतला आणि चहाच्या फळीवर ठेवला. फरच्या लिलावाला जाणारी कातडी नुसत्या हवेत सुकवतात. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि कातडं कधीच पुरतं सुकत नाही. खारवलेल्या फरकडे खरेदीदार पाठ फिरवतात.

फळी, आणि पापडाची परीक्षा

प्रत्येक जातीची फळी ठरलेल्या मापाची असते, नाकाकडे निमुळती. कातडं आधी आतली बाजू बाहेर ठेवून चढवायचं. पाठ एका बाजूला, पोट दुसऱ्या बाजूला, डोळे-कान बरोबर मध्ये. शेपटीच्या बुडापाशी हलकेच ओढून गंज न चढणाऱ्या टाचण्या लावायच्या. लांबी जास्त आली तर दर बरा, म्हणून नवखे लोक कातडं ताणतात. ताणलेल्या कातड्यावर केस विरळ दिसतात आणि परीक्षक त्यावर फुंकर मारून बघतो. ओढा, पण ताणू नका. पोटाच्या बाजूने फळी आणि कातडं यांच्यामध्ये एक लांब पाचर सरकवा. सुकलेलं कातडं आवळून बसतं. शेवटी पाचर ओढली की ते सुटतं. पाचर विसरलात तर फळी किंवा कातडं, दोन्हींपैकी एक मोडणार.

सुकवायला १० ते १८ अंश चांगले. पंखा असेल तर संथ वारा, थेट झोत नको. बाहेर उणे तीस असताना केबिनमधली हवा अगदी कोरडी होते. वरचा थर चटकन कडक होतो आणि आत ओल राहते. आम्ही कोपऱ्यात पाण्याचं पातेलं ठेवतो. रात्री शेगडी विझून सगळं गोठलं तर सकाळी कातडं टणक लागतं, ते सुकलंय असं समजू नका. गोठलेलं आहे. दुपारी परत ओलं होईल.

मार्टेन, लिंक्स, खोकड, लांडगा यांची कातडी विक्रीला केस बाहेर ठेवून जातात. म्हणजे अर्धवट सुकल्यावर फळीवरून काढून उलटायची. नेमकी वेळ कोणती? पुस्तकात तास लिहिलेले असतात, पण केबिन बदलली की तास बदलतात. मला कळलं ते पापडांवरून. आई गच्चीवर पापड घालायची तेव्हा आम्हा पोरांचं काम उलटायचं. पापड बोटाला चिकटतो तोवर हात लावायचा नाही, कडा ताठ होऊन वर उचलल्या तर उशीर झाला. वरून कोरडा लागला पाहिजे आणि उचलल्यावर मध्ये लवला पाहिजे. कातड्याचं तेच. बोट ठेवलं तर ओल नाही, दाबलं तर कागदासारखं वाजत नाही, तेव्हा उलटा. आमच्याकडे मार्टेनला साधारण एक रात्र लागते, लिंक्सला दिवसभराहून जास्त. उशीर झालाच तर नाका-ओठांकडचा आणि मानेचा भाग ओल्या फडक्याने दाबून मऊ करा आणि मग उलटा, नाहीतर चिरतं. उलटून परत फळीवर चढवलं की केस कंगव्याने उभे करायचे. ओठ, कान, काखा सगळ्यात शेवटी सुकतात. उतरवण्याआधी तिथे बोट घालून बघा.

मिंक, पाणमांजर, मस्करॅट (पाण्यातला मोठा उंदीर) यांची कातडी मात्र शेवटपर्यंत आतली बाजू बाहेर ठेवूनच जातात. त्यांना उलटायची भानगड नाही.

बीव्हर

बीव्हर म्हणजे वेगळाच तालमीचा प्रकार. कॅनडाच्या पाच सेंटच्या नाण्यावर १९३७पासून हाच बसलाय. १६७० साली स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीच्या काळात सगळ्या मालाची किंमत बीव्हरच्या कातड्यांत मोजायचे. मोठा नर पंचवीस किलोंच्या पुढे जातो.

तो हनुवटीपासून गुदद्वारापर्यंत पोट चिरून सोलतात. चारही पाय केस संपतात तिथे कापायचे, सपाट शेपटी कापून बाजूला. त्याची चरबी कातड्याला अशी धरून असते की मुठीने काही सुटत नाही, इंच इंच सुरीने काढावं लागतं. माझं पहिलं कातडं खरवडायला एक अख्खी दुपार गेली आणि त्यात सात भोकं पडली. वस्ताद अर्ध्या तासात करतात आणि मध्ये चहा पितात.

खरवडलेलं कातडं प्लायवुडवर लंबगोल आकारात, केस खाली करून खिळ्यांनी ताणायचं. खिळे दोन-अडीच सेंटिमीटरवर. सगळे मारून झाले की कातडं खिळ्यांवरून थोडं वर उचलायचं, म्हणजे फळीला न टेकता मध्येच राहील आणि केसांखालून हवा खेळेल. ही एक गोष्ट विसरलो तर खालून बुरशी धरते. पायांची भोकं खिळ्यांनी मिटवून घ्यायची. माप लांबी अधिक रुंदी असं धरतात.

पोटाखाली कॅस्टरच्या, म्हणजे वासाच्या स्रावाच्या, दोन पिशव्या असतात, त्या न फोडता काढून सुकवायच्या. वास आधी नाकात बसतो, मग आवडायला लागतो. अत्तरवाले त्या विकत घेतात.

हात सांभाळा

हातमोजे घाला. बीव्हर, मस्करॅट आणि सशांकडून टुलरेमिया हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. बोटावरची छोटी जखम पुरते. खोकड आणि लांडग्यांच्या आतड्यात फीतकृमी असतात, त्यांची बारीक अंडी शेपटीकडच्या केसांना लागलेली असतात. घरच्या फ्रीझरच्या थंडीत ती मरत नाहीत. त्यांचं काम करताना मास्क लावा आणि त्या टेबलावर जेवू नका. खोकड विचित्र वागत होता अशी शंका असेल तर रेबीज धरून चाला, उघड्या हाताने स्पर्श करू नका. काम झाल्यावर साबणाने हात, सुरी, ओंडका. हंगामानंतर ताप आणि काखेत गाठ आली तर डॉक्टरांना आपण काय सोलत होतो ते आधी सांगा. इथल्या शहरातल्या डॉक्टरांनाही ते लगेच सुचेलच असं नाही.

ठेवणं आणि पाठवणं

सुकलेली कातडी नाकातून तार ओवून गार, अंधाऱ्या, कोरड्या जागी टांगायची. उन्हाने केस पिवळे पडतात. बाहेरच्या थंड कोठीतलं कातडं एकदम गरम केबिनमध्ये आणलं, तर फ्रीजमधून काढलेल्या पेल्यावर येतो तसा घाम त्यावर येतो. आणायचंच तर पोत्यात गुंडाळून आणा आणि पोतं दोन-चार तास उघडू नका. प्लास्टिकमध्ये ठेवायचं नाही, बुरशी येते. मार्च संपला की उंदरांसोबत माश्या आणि कातडं खाणारे भुंगेरेही येतात, त्याआधी माल गेलेला बरा.

काही जातींच्या कातड्यांना सरकारी सील लागतं आणि लिंक्स, लांडगा, पाणमांजर यांना देशाबाहेर न्यायला वेगळी परवानगी. भारतात मिंक, खोकड आणि चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर २०१७पासून बंदी आहे. मावशीला खोकडाचा गळपट्टा नेऊ नका, तो मुंबईच्या कस्टममध्येच राहील.

आमचा माल ओंटारिओतल्या नॉर्थ बे इथे लिलावाला जातो. पुठ्ठ्याच्या खोक्यात कातडी सपाट ठेवायची, घडी नाही, गुंडाळी नाही. केसांना केस, कातड्याला कातडं लागेल अशी रचना. बीव्हर वेगळ्या खोक्यात, कारण कितीही पुसला तरी त्याचं तेल मार्टेनच्या केसांना लागतं. प्रत्येक कातड्याला चिठ्ठी, आत एक यादी, आणि तीच यादी आपल्या वहीत. खोकं स्लेजवर बांधताना पेट्रोलचा डबा दुसऱ्या स्लेजवर ठेवा. वस्ताद ही सूचना दरवर्षी देतात, माझ्याकडे बघून.